हिंग्यांचे औषधी व कामोत्तेजक उपयोग : एक चिकित्सा

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात, कन्हेरीसारख्या गावांच्या शिवारात, बाजरी, मूग, तूर ही पिके फुलोऱ्यावर आली की काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे फुलांवर दिसू लागतात. शेतकरी त्यांना हिंगे म्हणतो. कीटकशास्त्र त्यांची गणना मेलॉइडी कुलात करते. त्यांच्या पायांच्या सांध्यांतून स्रवणारा पिवळसर द्रव त्वचेस लागल्यास फोड येतात. या दाहास कारणीभूत असणारे कँथरिडिन हे द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांनी १८१० मध्ये वेगळे केले.

कीटकांच्या पारंपरिक उपयोगांवरील लेखनात या भुंगेऱ्यांसमोर 'चामखीळ, केशवृद्धी, कामोत्तेजक' अशी नोंद एका दमात केली जाते. या तिन्ही दाव्यांची योग्यता सारखी नाही, हे मात्र अशा सूचींत हरवते. त्वचेवरील उपयोगास आधार आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोलस्कम या विषाणुजन्य त्वचाविकारासाठी ०.७ टक्के कँथरिडिनच्या द्रावणास मान्यता दिली; तीही ते प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीनेच लावावे, या अटीवर. केशवृद्धीचे तसे नाही. बंगाल केमिकल्सचे या नावाचे केशतेल अनेकांच्या परिचयाचे आहे. परंतु तेलाचा खप हा गुणाचा पुरावा नव्हे.

तिसरा शब्द सर्वांत घातक होय. पोटात गेलेले कँथरिडिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडताना मूत्रमार्गाचा तीव्र दाह करते. त्यामुळे होणारे वेदनामय ताठरण हे कामेच्छेचे लक्षण नसून विषबाधेचे आहे. त्यापाठोपाठ लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १९५४ मध्ये लंडनमध्ये एका इसमाने याच समजुतीने खोबऱ्याच्या मिठाईत कँथरिडिन मिसळून दिले आणि दोन तरुणींचा मृत्यू झाला. घातक मात्रा काही दशक मिलिग्रॅम इतकी अल्प असल्याचे मानले जाते, आणि प्रत्येक भुंगेऱ्यातील विषाचे प्रमाण जाती व लिंगानुसार बदलते. अशा वेळी 'थोडी पूड' या मापास काय अर्थ उरतो? उपयोगाची नोंद घेणारा अभ्यासक मात्रा व दुष्परिणाम वगळतो, तेव्हा त्याची नोंद वाचकाच्या हाती कृतीसारखी पडते.

ओळखीचा गोंधळ वेगळाच. मृगाच्या पावसात दिसणारा लाल मखमली 'मृगाचा किडा' हाही कामोत्तेजक म्हणून विकला जातो. तो आठ पायांचा कोळीवर्गीय जीव आहे, भुंगेरा नव्हे. शास्त्रीय नावाशिवाय केलेल्या नोंदीत हे दोन जीव एकमेकांच्या जागी सहज बसू शकतात.