जुनी मशीद

मुंबईच्या मांडवीत, सॅम्युअल स्ट्रीटवर, ज्यूंचे एक प्रार्थनामंदिर आहे. सॅम्युअल दिवेकरांनी 1796 मध्ये स्थापन केलेल्या या वास्तूचे हिब्रू नाव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. पण मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंच्या तोंडी ती ‘मशीद’, आणि जवळच दुसरी झाल्यावर ‘जुनी मशीद’. ज्यूंची मशीद? आपण क्षणभर थबकतो, आणि शब्द नेमका तिथेच आपला हात धरतो.

आधी तो नुसता उच्चारून पाहू. अरबी ‘मस्जिद’मधला ‘ज’ मराठी जिभेवर विरघळला, त्या रिकाम्या जागेत इकार ऐसपैस पसरला आणि त्याच्या सहवासाने ‘स’ मऊ होऊन ‘श’ झाला; सीमेची शीव झाली, अगदी तशीच. आता आरंभीचा ‘म’ पाहा. मदरसा, मजलिस, मंझिल यांच्या दारात उभा असलेला हा ‘म’ ‘ठिकाण’ सांगतो. आपल्या देवालयात ‘आलय’ शेवटी येते. इथे ठिकाण उंबरठ्यासारखे आधी लागते आणि तो ओलांडला की आत फक्त एक क्रिया असते: वाकणे, कपाळ भुईला टेकवणे.

या अरबी रूपाच्याही पाठीमागे अरामी भाषेतला ‘मस्गदा’ उभा आहे. ‘ज’च्या जागी घुमणारा ‘ग’, आणि अखेरीस लांबवलेला, ‘अमुक एकच’ असे ठसवणारा ‘आ’. किती गंभीर नाद आहे हा! नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर इसवीसनापूर्वीच्या पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. तिथल्या एका अरामी पपायरसात शपथ घेतली आहे ती या ‘मस्गदा’ची. पुढे नबाती लोकांनी हाच शब्द पूजेच्या शिळांवर कोरला. मंदिर, शिळा, मशीद: जो वाकला, त्याच्यापुरता तो शब्द त्याचा झाला. मला तर या नामाचे सारे सौंदर्य त्याच्या या अनाग्रहात दिसते.

अरबीतून तो स्पेन-पोर्तुगालात गेला, तिथे ‘मेस्किता’ झाला. पोर्तुगीजांच्या बोलीतही तो असाच, ओळखू न येणाऱ्या वेषात होता.

आणि मांडवीत? कोकणच्या किनाऱ्यावर तेलघाणे चालवणाऱ्या, ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्रायली समाजाने शेजारच्या मुसलमानांच्या तोंडचा शब्द सहज उचलला असणार. कोशात शोधून नव्हे. दिवेकरांची ही वास्तू उभी राहिली तेव्हा शपथेचा तो पपायरस अजून नाईलकाठच्या मातीतच पडून होता.