बहुचल फलनांचा प्रांत व विस्तार : एक चिकित्सा

ऋण संख्येस वर्गमूळ नाही, कारण ती वर्गच नव्हे, असे भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात नमूद केले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आढळते. देवपुरातील पदवीच्या विद्यार्थ्यालाही हीच अट दोन चलांच्या फलनांत भेटते. क्ष व य यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ आणि त्यांच्या वर्गमुळांचा गुणाकार सर्रास एकच मानले जातात. विस्तार दोहोंचा समान आहे : शून्य व सर्व धन संख्या. प्रांत मात्र भिन्न. पहिल्याचा पहिला व तिसरा चरण (अक्षांसह), दुसऱ्याचा केवळ पहिला. आधी सरळरूप, मग प्रांत हा रूढ क्रम म्हणूनच सदोष ठरतो. (-१, -४) या बिंदूवर पहिल्याची किंमत २ येते. दुसरे फलन तेथे अस्तित्वातच नाही.