कर्णवधाचा रविवार

दूरदर्शनवरच्या ‘महाभारता’तले युद्ध फसले असे म्हटले, की ऐकणारा लगेच बाणांची थट्टा सुरू करतो. दोन बाजूंनी दोन बाण सुटतात, आकाशात एकमेकांना गाठतात, क्षणभर झटापट करतात आणि विझून जातात. बाणांवर माझा राग नाही. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास दंडार होते. तिच्यातल्या सोंगाने लाकडाला चिंध्या गुंडाळून गदा केली, तरी त्या गदेविषयी कुणाला शंका येत नाही. पाहणाऱ्याला गदा नको असते, भीम हवा असतो. माझी तक्रार सतराव्या दिवसाविषयी, म्हणजे कर्णवधाविषयी आहे. आणि ती थोडीशी माझ्याविषयीही आहे.

बी. आर. चोप्रांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत, ९४ भागांत, रविवारी सकाळी चालली. दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात तेव्हा संच एकाच घरी होता, आणि वीज गेली तर त्याला ट्रॅक्टरची बॅटरी लावीत. कर्ण रथाखाली उतरला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सारे घर श्वास रोखून बसलेले असताना माझी आजी मात्र पदर सावरीत उठली. मी विचारले, “कुठं चालली वो?” ती म्हणाली, “आता काय पाह्याचं तिथं? त्याच्या हाती तं काहीच नाही.” आणि ती खरोखरच बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

२०२० साली शाळा बंद असताना मालिका पुन्हा दाखवली गेली, आणि मी तो भाग पुन्हा पाहिला. आजीचे उठून जाणे ही त्या भागावरची सर्वांत चांगली टीका होती, हे तेव्हा ध्यानात आले. पण एक दुरुस्ती करावीशी वाटते. आजी उठली ती प्रसंगाने हादरून. मालिकेने मात्र तिला हादरवण्यासारखे तिथे फारच थोडे ठेवले होते; बाकीचे तिने स्वतःच्या कथेकऱ्यांकडून आणले होते.

या मालिकेची ताकद माणसे बोलतात तिथे आहे. द्यूतसभा घ्या, कृष्णशिष्टाई घ्या, किंवा नदीकाठची कर्ण-कुंती भेट घ्या. राही मासूम रझांच्या संवादांत प्रत्येक शब्दाने कुणाचे तरी काही जाते, कुणाचे तरी काही अडते. कर्ण कुंतीला वचन देतो, की तुझे पाच पुत्र राहतील. अर्जुन नसला तर मी असेन. एवढ्या एका वाक्याने पुढच्या युद्धातला प्रत्येक बाण जड व्हायला हवा. पण युद्ध सुरू झाले की ही माणसे जणू आपले मागचे आयुष्य छावणीतच ठेवून येतात. शंख वाजतात, घोडे उधळतात, मंत्र पुटपुटले जातात, अस्त्राला अस्त्र भिडते. कोण कुणाशी लढत आहे हे कळते. आपल्या मनाशी कोण लढत आहे हे कळत नाही.

व्यासांच्या कर्णपर्वात चाक रुतल्यावर काय होते ते पाहा. कर्ण धर्माची आठवण देतो, कृष्ण त्याला एकेक प्रसंग विचारतो: तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? कर्णाला उत्तर सुचत नाही. तो लाजेने मान खाली घालतो. साऱ्या युद्धात याहून मोठी घटना मला दिसत नाही. आणि तरी तो थांबत नाही. पुन्हा धनुष्य उचलतो, असा लढतो की अर्जुनाच्या हातून गांडीव निसटू लागते. त्या सवडीत तो पुन्हा चाकाला हात घालतो, आणि त्याच वेळी बाण येतो. म्हणजे अर्जुन मारतो तो नुसत्या असहाय माणसाला नव्हे. क्षणापूर्वी ज्याने आपल्याला हतबल केले आणि आता ज्याची पाठ वळली आहे, अशा माणसाला मारतो. भीती, संताप आणि लाज या तिन्ही गोष्टी त्या एका बाणात आहेत.

मालिकेत कृष्णाचे बोलणे आणि अर्जुनाचा बाण यांच्यामध्ये यातले काही उरत नाही. बोलणे न्यायाधीशाच्या निकालासारखे येते, बाण शिक्षेच्या अंमलबजावणीसारखा. नितीश भारद्वाजांचा कृष्ण इतका शांत आणि इतका खात्रीचा आहे, की अर्जुनाबरोबर आपणही निर्दोष सुटतो. व्यासांनी आपल्याला सोडलेले नव्हते. भीष्म शिखंडीच्या आडून, द्रोण अर्धसत्याने, कर्ण चाकापाशी, दुर्योधन मांडीवरच्या घावाने: जिंकणाऱ्यांच्या हाती एकही निखळ विजय त्यांनी ठेवला नाही. तेच त्यांचे युद्ध होते. त्यावर अस्त्रांची रोषणाई चढवून ते दिपवायला निघावे, हा मला मूळचा घोटाळा वाटतो.

मराठी वाचकाला हे अधिक खुपते. १९६७ या एकाच वर्षी आपल्याकडे ‘मृत्युंजय’ आले आणि ‘युगान्त’ही आले. सावंतांनी कर्णाला सूर्यासारखा उजळला, इरावतीबाईंनी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याचा हिशेब मागितला. या दोहोंच्या मध्ये उभे राहून वाढलेल्या माणसाला मालिकेतला कर्ण तिसरे काय देतो? थोडेसे दुःख, आणि बरेचसे संगीत.

युद्ध दाखवलेच पाहिजे असेही नाही. १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेल्या माडगूळकरांनी ‘गीतरामायणा’त काय केले? ५६ गीते, तीही आकाशवाणीवरची. बाण एकही दिसण्याची सोय नाही. त्यांनी आपले बाण निष्फळ का होतात या शंकेने व्याकुळ झालेल्या रामाला गायला लावले, आणि रावणवध होऊन गेल्यावर त्याचे गाणे दिले. मारण्याचा क्षण त्यांनी चक्क गाळला. ऐकणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही.

आता माझ्याविषयी. माझ्या एका कादंबरीचा शेवट बांधावरच्या भांडणात होतो. दोन चुलतभाऊ, काठ्या, कुऱ्हाड, पावसाळी संध्याकाळ. सतरा पाने मी मोठ्या उमेदीने लिहिली. शाळेतल्या एका जुन्या शिपाईकाकांनी ती वाचून मला विचारले, “बाई, मारामारी समजली. पण धाकट्यानं कुऱ्हाड टाकून देल्ली, ते कावून?” मला उत्तर देता आले नाही. तो कुऱ्हाड टाकतो हे मला ठाऊक होते. का टाकतो हे मी काठ्यांच्या आवाजात लपवले होते. तेव्हा चोप्रांवर दगड मारताना हात जरा आखडतो.

सतरापैकी अकरा पाने मी काढून टाकली आहेत. त्या जागी धाकट्याने मान खाली घातल्याचे एक पान लिहीत आहे. दोन पावसाळे झाले, ते अजून झालेले नाही.