नभोवाणीच्या नांदीचा कर्ता कोण ?

जुन्या पोथ्या धुंडाळणारांस अनामिक कृतींची संवय असते. पुष्पिकेचें पान गळालेलें असतें, किंवा लेखकानें आपलें नांव घालून कवीचें नांव वगळलेलें असतें. अशा वेळीं लिपि, कागद, भाषा, अंतर्गत उल्लेख व परंपरा यांच्या साह्यानें कर्त्याचा माग काढावा लागतो. याच रीतीनें विचार करण्याजोगी एक कृति गेल्या शतकांत निर्माण झाली. ती कागदावर नव्हे, तर हवेंत लिहिलेली होती. कोट्यवधि लोकांनीं ती रोज पहांटे ऐकली, आणि तिच्या कर्त्याचें नांव विचारण्याचें मात्र फारच थोड्यांस सुचलें. ही कृति म्हणजे अखिल भारतीय नभोवाणीची, आजच्या भाषेंत आकाशवाणीची, संकेतधून होय. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनचें एक लहानसें, कांहींसें करुण स्वरवाक्य उठतें आणि पुनः तंबोऱ्यांत विरतें; एवढाच तिचा विस्तार. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या आमच्या किनाऱ्यावर मुंबई केंद्र स्पष्ट ऐकूं येई, आणि प्रस्तुत लेखकाच्या पिढीचा दिवस याच सुरांनीं उजाडत असे.

ही धून त्रैमासिकाच्या कक्षेंत कशी बसते, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, संकेतधून ही नभोवाणीची नांदीच आहे, आणि नांदीच्या कर्तृत्वाचा वाद आम्हां संस्कृतज्ञांस नवा नाहीं. त. गणपतिशास्त्री यांनीं १९१२ पासून अनंतशयन ग्रंथमालेंत जीं तेरा नाटकें भासाचीं म्हणून छापलीं, त्यांत नांदी संपल्यावर सूत्रधार येतो अशी सूचना आरंभींच असते. ती नांदी कोणती व कोणाची, हें पोथी सांगत नाहीं. स्थापनेंत कवीचें नांवहि नाहीं. त्यामुळें केवढा वाद माजला हें वाचकांस विदितच आहे. नभोवाणीची स्थिति अशीच होती. नभोनाट्याचा लेखक व नट यांचीं नांवें सांगितलीं जात. परंतु दोन प्रवेशांमध्यें, विशेषतः प्रहसनांत, जे वाद्यांचे तुकडे वाजत, त्यांचा कर्ता बहुधा अनुक्त राही. मग सर्व कार्यक्रमांच्या आधीं वाजणाऱ्या धुनीची कथा काय सांगावी !

प्रथम कालनिर्णयास उपयोगी अशा निश्चित गोष्टी मांडूं. मुंबईचें नभोवाणी केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. कंपनी १९३० मध्यें बुडाली व सरकारनें तें काम आपल्याकडे घेतलें. लायनेल फील्डन हा १९३५ मध्यें मुख्य नियंत्रक म्हणून आला, आणि ८ जून १९३६ रोजीं या खात्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. आकाशवाणी हें नांव त्याहून निराळ्या उगमाचें आहे. म्हैसूर येथील प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या खासगी केंद्रास तें प्रथम लागलें, आणि सर्व देशाच्या नभोवाणीनें तें १९५७ मध्यें स्वीकारलें. संस्थेचें नांव, संस्थेचा जन्म व संस्थेची धून यांचीं सालें भिन्न असूं शकतात, हें पुढील विवेचनाकरितां ध्यानांत ठेवावें.

आतां कर्तृत्वाविषयीं प्रचलित मतांकडे वळूं. सामान्यतः तीन नांवें ऐकूं येतात : पंडित रविशंकर, ठाकूर बलवंतसिंग व वॉल्टर काउफमान.

यांपैकीं पहिलें मत कालगणनेपुढें टिकत नाहीं. रविशंकरांचा जन्म ७ एप्रिल १९२० चा. धुनीचें साल म्हणून जें १९३६ सांगितलें जातें, त्या सालीं ते सोळा वर्षांचे असून बंधु उदयशंकर यांच्या नृत्यसंचांत होते. मैहर येथें अल्लाउद्दीनखांसाहेबांपाशीं ते १९३८ मध्यें गेले आणि दिल्ली केंद्रांत संगीतदिग्दर्शक म्हणून १९४९ मध्यें रुजू झाले. मग हें नांव आलें कोठून ? दूरदर्शनच्या संकेतधुनीशीं रविशंकरांचा संबंध आहे, हें प्रसिद्ध आहे. एका संस्थेच्या धुनीचा कर्ता दुसरीच्या धुनीस चिकटला, असा हा सरळ प्रमाद दिसतो. शिवाय यांत एक जुना मनुष्यस्वभावहि आहे. अनाथ कृति नेहमीं मोठ्या नांवाकडे धांव घेते. बेवारशी सुभाषितें कालिदासाकडे जातात. विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवांच्या गाथेंत शिरतात. त्याच न्यायानें एक गोड अनामिक धून सर्वांत विख्यात वादकाच्या पदरीं पडली.

दुसऱ्या मताची परीक्षा अधिक सावधपणें केली पाहिजे. ठाकूर बलवंतसिंग यांचें नांव ज्या रूपानें सांगितलें जातें, त्यांत स्थळ, काळ व प्रसंग जोडलेले नसतात. केवळ नाममात्र पुढें येतें. असें नांव एकदम खोटें ठरविणें हें चिकित्सेस शोभत नाहीं. पोथीवर तीन नांवें असूं शकतात : रचणाराचें, उतरून घेणाराचें व शोधून शुद्ध करणाराचें. पुढील पिढी त्या तिघांचा घोटाळा करते. एकच धून अनेक वर्षें चालली म्हणजे ती पुनः वाजवून मुद्रित करणें, तींत किंचित् फेरफार करणें, हीं कामें कोणास तरी करावीं लागणार, आणि तें करणाराचें नांव पुढें रचणाराचें म्हणून रूढ होणें अगदीं संभवनीय आहे. म्हणून या नांवाचा विचार मूळ रचनाकार म्हणून करावयाचा झाल्यास दिनांकयुक्त पुरावा मागणें एवढेंच न्याय्य होय.

तिसरें मत वॉल्टर काउफमानचें. याच्या चरित्राच्या तारखा मात्र घट्ट आहेत. जन्म १९०७ मध्यें बोहेमियांतील कार्ल्सबाड येथें. शिक्षण बर्लिन व प्राग येथें. प्रागच्या जर्मन विद्यापीठांत त्याचा प्रबंध तयार असतां, आपला मार्गदर्शक नाझी तरुणसंघटनेचा पुढारी आहे असें कळतांच त्यानें पदवी घेण्याचें नाकारलें. काउफमान ज्यू होता. फेब्रुवारी १९३४ मध्यें तो मुंबईस उतरला आणि त्याच वर्षीं त्यानें बाँबे चेंबर म्यूझिक सोसायटी स्थापली. तिच्या बैठकी विलिंग्डन जिमखान्यांत गुरुवारीं होत. स्वतः काउफमान पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि व्हेर्गा नांवाचा इटालियन वादक चेलोवर, असा तो संच होता. १९३७ पासून १९४६ पर्यंत काउफमान मुंबई नभोवाणीवर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांस त्यानें संगीत दिलें, आणि नभोवाणीकरितां ‘अनसूया’ नांवाची संगीतिका रचली. पुढें तो इंग्लंडमार्गें कॅनडांत व १९५७ मध्यें अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत गेला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्याचा मोठा ग्रंथ १९६८ मध्यें व दाक्षिणात्य रागांवरील १९७६ मध्यें प्रसिद्ध झाला. १९८४ मध्यें तो वारला.

या मतावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, धून १९३६ ची आणि काउफमानची नेमणूक १९३७ ची. तेव्हां मेळ कसा बसावा? या आक्षेपांत अर्थ आहे, परंतु तो घातक नाहीं. १९३६ हें तर नभोवाणीच्या नामकरणाचें साल. मंदिराच्या जीर्णोद्धाराचा शक जसा मूर्तीच्या घडणीचा शक म्हणून सांगितला जातो, तसें नांवाचें साल धुनीच्या माथीं बसलें असावें असा माझा तर्क आहे. तो न मानला तरी काउफमान १९३४ पासून मुंबईंतच होता, आणि नोकरींत शिरण्यापूर्वीं एखादी लहान रचना देणें कोणासहि अशक्य नाहीं. तात्पर्य, काउफमान कर्ता असल्यास धुनीची पूर्वमर्यादा फेब्रुवारी १९३४ व उत्तरमर्यादा १९४६ ही होय, आणि १९३६ हें साल या दोहोंच्या आंतच पडतें. जे लेखक १९३६ हें साल व नभोवाणींतील अधिकारपद या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यांत घालतात, त्यांनीं मात्र आपलें वाक्य सुधारावें.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. धून शिवरंजनी रागांत आहे. ती परक्यास कशी साधावी? शिवरंजनी म्हणजे षड्ज, शुद्ध ऋषभ, कोमल गांधार, पंचम व शुद्ध धैवत. मध्यम व निषाद वर्ज्य. भूपाचा गांधार कोमल केला कीं ही छाया पडते. दक्षिणेंत हा बाविसाव्या मेळाचा, म्हणजे खरहरप्रियेचा, जन्य राग मानतात. परंतु पांच स्वर घेतल्यानें राग सिद्ध होत नाहीं, हें प्रत्येक गवई जाणतो. या धुनींत आलाप नाहीं, बढत नाहीं. एक आटोपशीर स्वरवाक्य आहे. वाद्यांची योजना पहावी : व्हायोलिन, व्हायोला, चेलो हीं तिन्हीं गजाचीं वाद्यें पाश्चात्य चेंबर संगीतांतील, आणि त्यांखालीं आपला तंबोरा. हिंदुस्थानी गवयानें त्या काळीं अशी जोडणी केली असती असें सहसा वाटत नाहीं. आणि ज्यानें हिंदुस्थानी संगीत कान देऊन ऐकलें नाहीं अशा युरोपियनास तंबोऱ्याचें मोल कळलें नसतें. दोन्हीं परंपरांच्या उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्यच येथें हवा, आणि मुंबईंत त्या वर्णनास काउफमान जितका जुळतो तितका दुसरा क्वचितच. आपल्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हां त्या आपणांस अगदीं परक्या वाटल्या, पण जें असंख्य लोकांस प्रिय आहे तें निरर्थक नसणार, दोष आपल्या कानांचा असावा, अशा आशयाची कबुली त्यानें स्वतः दिली आहे.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. धुनींतील व्हायोलिन मेहली मेहता यांनीं वाजविलें, असें हल्लीं निःशंकपणें लिहिलें जातें. ते काउफमानच्या संचांत होते व पुढें मुंबईच्या पाश्चात्य संगीताचे आधारस्तंभ ठरले, हें खरें. त्यावरून अनुमान संभाव्य ठरतें, सिद्ध ठरत नाहीं. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा होता आणि त्यांचीं नांवें फारशी कोणी टिपून ठेवलीं नाहींत. एका प्रसिद्ध नांवाच्या ओझ्याखालीं कोणी अप्रसिद्ध वादक दडपला जाऊं नये. रविशंकरांविषयीं जो प्रमाद झाला त्याचीच ही दुसरी आवृत्ति न होवो.

अंतर्गत पुरावा हा अखेर अंतर्गतच. बाह्य पुराव्याची दिशा दोन ठिकाणीं आहे. ही धून काउफमाननें व्हायोलिनकरितां लिहिलेल्या एका सोनाटावरून घेतली, असें सांगतात. त्याचे कागद व हस्तलिखितें इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयांत आहेत. तेव्हां पोथीशीं पोथी ताडून पहावी, तसे तेथील स्वरलिपीशीं धुनीचे स्वर ताडून पाहतां येतील. दुसरें स्थान आपल्या घरचें आहे. नभोवाणीचें ‘दि इंडियन लिसनर’ हें नियतकालिक १९३५ पासून निघत असे व १९५८ पासून तें ‘आकाशवाणी’ या नांवानें निघूं लागलें. त्यांत प्रत्येक केंद्राचे कार्यक्रम वेळांसह छापलेले असत. आपल्यापैकीं कित्येकांच्या माळ्यावर मोडी रुमालांशेजारीं या अंकांचे गठ्ठे व जुन्या लाखेच्या तबकड्या पडून असतील. बखरीचें फाटकें पान आपण जपतों; हे अंक मात्र रद्दींत देतों. एखाद्या अंकांतील चार ओळींची टीप या वादाचा निकाल लावूं शकेल.

हा वाद केवळ कुतूहलाचा आहे असें मला वाटत नाहीं. एक मनुष्य आपला देश, विद्यापीठ व भाषा सोडून मुंबईच्या धक्क्यावर उतरतो, बारा वर्षें येथें राहतो, आणि जातांना येथील लोकांस त्यांची रोजची भूपाळी देऊन जातो. त्या भूपाळीवरील त्याचें नांव पुसून दुसऱ्याचें घालणें हा अन्यायच. आमच्या किनाऱ्यास तर तो विशेष बोंचावा. नौगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून आलेल्या ज्यू कुटुंबांची आख्यायिका येथें पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते; शनिवार तेली म्हणून तीं कुटुंबें या गांवांत मिसळून गेलीं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई येथें, पोर्तुगीज १७४० मध्यें गेले तरी, त्यांच्या भाषेपासून उपजलेली बोली आजहि घराघरांत आहे. बाहेरून आलेलें आपलें होतें तें उगम लपवून नव्हे. उगम सांगूनहि तें आपलेंच राहतें.

माझा निर्णय असा : रविशंकरांचें नांव वगळावें, बलवंतसिंगांचें नांव दिनांकयुक्त पुरावा मिळेपर्यंत पाठभेद म्हणून तळटीपेंत ठेवावें, मूळ रचना काउफमानची हा पक्ष सर्वांत बलवत्तर मानावा, वादकाचें नांव संभाव्य एवढ्याच शब्दानें द्यावें, आणि साल लिहितांना १९३६ च्या मागें ‘सुमारें’ हें पद अवश्य घालावें. याविरुद्ध कोणापाशीं कागद असेल तर त्यानें तो पुढें आणावा. मतापेक्षां कागद मोठा, ही आपली शिस्त मला मान्य आहे.