‘एकच प्याला’ : व्यसन, घसरण आणि उपचार यांच्या संदर्भात एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी साहित्यात मद्यपानाचा विषय निघाला की राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या पंचांकी नाटकाचे नाव प्रथम घेतले जाते. गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन झाले. त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे या नाटकाचा पहिला प्रयोग सादर केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडस यांचा सुधाकर या भूमिका मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा भाग झाल्या. नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या नाटकावर विपुल समीक्षा झाली आहे. सुधाकर हा शोकात्म नायक ठरतो काय, सिंधूचे पातिव्रत्य कितपत स्वाभाविक आहे, तळीरामाच्या विनोदाने शोकात्मतेला उठाव मिळतो की बाध येतो, हे या चर्चेतील प्रमुख प्रश्न होत. मात्र ज्या व्यसनाभोवती हे सारे नाट्य उभे आहे, त्या व्यसनाचे आकलन नाटक नेमके कसे करते, हा प्रश्न तुलनेने मागे पडला. व्यसनाधीनतेला आज आजार मानले जाते. या जाणिवेच्या प्रकाशात नाटकाचे पुनर्वाचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपरंपरा आणि गडकरी यांचे वेगळेपण

मद्यपाननिषेधाचा विषय मराठी रंगभूमीला गडकरी यांच्यापूर्वीही अपरिचित नव्हता. त्यांचे साहित्यगुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘मूकनायक’मध्ये तो हाताळला होता. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) या नाटकाला कच-देवयानीच्या पौराणिक कथेचा आधार आहे. मूळ कथेत शुक्राचार्यांना मद्यातून कचाची राख पाजली जाते. आपल्या हातून काय घडले हे कळताच ते मद्याचा निषेध करतात. येथे ज्ञान झाले की त्याग घडतो. दोष कळणे आणि तो सुटणे यांत अंतर राहत नाही.

गडकरी यांनी नेमके हेच अंतर नाट्याचा विषय केले. सुधाकर बुद्धिमान आहे, स्वतःचा अधःपात त्याला स्पष्ट दिसतो आणि त्याची कारणमीमांसाही तो इतर कोणाहीपेक्षा अधिक चांगली करू शकतो. मद्यपी कोणत्या पायऱ्यांनी खाली उतरतो, याचे दीर्घ विवेचन नाटकात त्याच्याच तोंडी येते. तरीही त्याची दारू सुटत नाही. कळते पण वळत नाही, ही व्यसनाधीनतेतील मध्यवर्ती विसंगती गडकरी यांनी अचूक हेरली. अनिष्ट परिणाम दिसत असूनही सेवनावर ताबा न राहणे, हे आधुनिक मनोविकारशास्त्रानेही व्यसनाधीनतेचे एक प्रमुख लक्षण मानले आहे. त्या दृष्टीने सुधाकराचे चित्रण आपल्या काळाच्या पुढे होते, असे म्हणता येईल.

पहिला प्याला की पुन्हा उचललेला प्याला?

नाटकाच्या शीर्षकाचा रूढ अर्थ उपदेशपर आहे. पहिला प्याला घेऊ नये, कारण त्याच्यामागून उरलेले सर्व प्याले येतात, असा तो अर्थ होय. कथानकाचा पूर्वार्ध त्याला पुष्टी देतो. न्यायालयात अपमान झाल्याच्या भावनेतून सुधाकर उद्धट वर्तन करतो आणि त्याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते. त्या मानहानीच्या क्षणी कारकून तळीराम दुःखाचा विसर पडावा म्हणून त्याच्यापुढे प्याला करतो. एवढ्यावरच नाटक संपले असते, तर ते एक प्रभावी प्रचारनाट्य ठरले असते.

परंतु नाटकातील अधिक अर्थपूर्ण प्याला हा नव्हे. संसाराची धूळधाण झाल्यावर सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो कामाच्या शोधात बाहेर पडतो, प्रतिष्ठित परिचितांकडे जातो. त्याच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून त्याला सर्वत्र झिडकारले जाते आणि या अवहेलनेनंतर तो पुन्हा मद्याकडे वळतो. या वळणानंतर मात्र परतीचा रस्ता उरत नाही. नशेच्या भरात त्याच्या हातून स्वतःच्या मुलाचा मृत्यू ओढवतो, सिंधू प्राणांतिक जखमी होते आणि अखेरीस तो स्वतः विष घेतो. शोकांतिकेचा खरा सांधा सोडलेला प्याला पुन्हा उचलण्याच्या या क्षणी आहे. पहिल्या प्याल्याने सुधाकर व्यसनी झाला. या प्याल्याने तो संपला.

व्यसनमुक्तीच्या परिभाषेत या घटनेला ‘घसरण’ म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावी सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीची शिकवणही ‘एका प्याल्या’भोवतीच फिरते. मद्यपीने दहाव्या प्याल्याला नव्हे, तर पहिल्याच प्याल्याला नकार द्यावा आणि तो नकारही जन्मभरासाठी न देता फक्त आजच्या दिवसापुरता द्यावा, अशी ती शिकवण आहे. ‘एकच प्याला’ ही सूचना न पिणाऱ्यापेक्षा पिणे सोडलेल्या माणसाला अधिक लागू पडते, हे या चळवळीने अनुभवातून ओळखले. गडकरी यांच्या नाटकात ती जाणीव त्याआधीच नाट्यरूपाने उपस्थित आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. सुधाकराला समाजाने झिडकारले हे खरे. पण सासऱ्याकडून मिळू शकणारी मदत त्याने स्वतःच नाकारली नव्हती काय? सिंधूनेही ती घेऊ नये, हा आग्रह त्याचाच होता. मग दोष समाजाचा की त्याच्या अहंकाराचा? हा आक्षेप गैरलागू नाही. परंतु त्यामुळे प्रस्तुत वाचनाला बाध न येता ते अधिक नेमके होते. ज्या मानी स्वभावामुळे सुधाकर न्यायालयात भडकतो, तोच स्वभाव त्याला मदत मागू देत नाही आणि त्याच स्वभावामुळे नोकरीच्या शोधातील अपमान त्याला असह्य होतो. त्याचा दारू सोडण्याचा निश्चयही याच स्वाभिमानावर उभा आहे. तो एकट्याचा निश्चय आहे. दारूपुढे आपली शक्ती चालत नाही, ही कबुली ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ने पहिली पायरी मानली, कारण एकट्याच्या निश्चयाचा दुबळेपणा तिच्या संस्थापकांनी स्वतः भोगला होता. सुधाकराला ही कबुली देण्याजोगी जागा कोठेच मिळत नाही.

भगीरथ : दुर्लक्षित प्रतिदृष्टान्त

नाटकात सर्वच मद्यपी बुडतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. प्रेमभंगामुळे मद्याच्या आहारी गेलेला भगीरथ यातून बाहेर येतो. समीक्षेत त्याचा विचार प्रामुख्याने शरद-भगीरथ-रामलाल या उपकथानकाच्या आणि विधवाविवाहाच्या अनुषंगाने झाला. व्यसनमुक्तीच्या दृष्टीने मात्र तो सुधाकराच्या समोर ठेवलेला आरसा आहे.

दोघांच्याही व्यसनाचे मूळ मानसिक आघातात आहे. फरक पडतो तो पुढे काय मिळते यात. रामलाल भगीरथाला दोष देत बसत नाही. तो त्याला वैयक्तिक दुःखापलीकडे पाहायला लावतो आणि लोकसेवेचे उद्दिष्ट देतो. पुढे शरदच्या सहवासात त्याच्या जीवनाला नवा आधार मिळतो. म्हणजे विश्वास ठेवणारा माणूस, करण्याजोगे काम आणि नात्यांची नवी वीण या तीन गोष्टी भगीरथाला लाभतात. सुधाकर जेव्हा दारू सोडतो, तेव्हा यांतील काम त्याला नाकारले जाते आणि विश्वास ठेवणारी एकटी सिंधू तेवढी उरते. आजची पुनर्वसनाची संकल्पना याच तीन गोष्टींवर उभी आहे. रामलालचे एक दीर्घ संभाषण भगीरथाला सावरण्यास पुरते, हे मात्र सुलभीकरण आहे. भगीरथाला घसरण येत नाही. म्हणूनच तो सुधाकराइतका जिवंत वाटत नाही.

सिंधू आणि गीता

व्यसनाधीनता हा संपूर्ण कुटुंबाचा आजार आहे, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आज सर्वमान्य आहे. व्यसनी माणसाच्या चुकांवर पांघरूण घालणे, त्याच्या वर्तनाचे परिणाम स्वतः सोसणे आणि त्यायोगे नकळत व्यसनाला मुभा देणे, ही जोडीदाराच्या वर्तनाची एक सर्वपरिचित तऱ्हा होय. दळण दळून संसार रेटणारी आणि मरणासन्न अवस्थेतही पोलिसांपुढे पतीचा गुन्हा लपवणारी सिंधू हे तिचे परमोच्च उदाहरण ठरते. नाटक या वर्तनाला आदर्शाच्या पातळीवर नेते आणि बालगंधर्वांच्या अभिनयामुळे प्रेक्षकांच्या मनात तो आदर्श अधिकच दृढ झाला.

तथापि आजची परिभाषा सिंधूवर लादून तिलाच दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. तिला स्वतःचे उत्पन्न नव्हते आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा भारतात २००५ साली झाला. शिवाय नाटककाराने तळीरामाची पत्नी गीता हिच्या रूपाने दुसरी शक्यताही दाखवली आहे. गीता सोसत नाही. ती बोलते, फटकारते. परंतु तिचा विरोध विनोदाच्या कक्षेत राहतो आणि सिंधूचे सोसणे करुणरसाच्या. प्रेक्षकाने कोणापुढे मान तुकवावी, हे या रसविभागणीतच ठरून जाते. नाटकाची मर्यादा शोधायची झाल्यास ती येथे शोधावी लागेल.

उपचाराची अनुपस्थिती

‘एकच प्याला’त वैद्यक येते ते तळीरामाच्या आजारपणात आणि तेही प्रहसनाच्या रूपात. डॉक्टर आणि वैद्य परस्परांवर कुरघोडी करतात. रुग्ण बाजूलाच राहतो. ‘आर्य मदिरा मंडळा’चे विडंबन जितके धारदार, तितकेच हेही. सुधाकराच्या वाट्याला तर कोणी वैद्य येतच नाही. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने एकाएकी दारू थांबवल्यास कंप, झटके, भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकतात आणि ती प्रसंगी जिवावर बेततात. म्हणून असा खंड वैद्यकीय देखरेखीखाली घडवावा लागतो, त्यानंतर औषधे आणि समुपदेशन यांची जोड द्यावी लागते. नाटककाराच्या काळात ही व्यवस्था नव्हती. त्यामुळे दारू सोडणे हा नाटकात केवळ निश्चयाचा आणि शपथेचा विषय राहतो.

महाराष्ट्रात हे चित्र बदलण्याचा एक महत्त्वाचा टप्पा १९८६ साली आला. ब्राउन शुगरच्या व्यसनावरील अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाने समाज हादरला. त्यातून प्रेरणा घेऊन पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवडा मनोरुग्णालयात कार्यरत असलेल्या डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याची घडी बसवली. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही या कामाची भूमिका. व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेकांना तेथेच कार्यकर्ता म्हणून काम मिळाले आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट उभा राहिला. सुधाकराला नाकारलेले काम आणि सिंधूला कधीच न मिळालेली सोबत या दोन्ही गोष्टींना येथे संस्थात्मक रूप लाभले. अवचट यांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकाचे महत्त्व याच दृष्टीने जाणवते. गडकरी यांच्या शैलीतील अलंकरण तेथे नाही. साध्या निवेदनातून माणसे समोर येतात. ‘एकच प्याला’ जेथे पडदा टाकते, तेथून या लेखनाचा प्रारंभ होतो, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

समारोप

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक मद्यसेवन करतात आणि मद्याच्या अधीन झालेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. कायदा बदलला; परंतु व्यसनी माणसाकडे पाहण्याची नजर अद्याप पुष्कळ अंशी सुधाकराला झिडकारणाऱ्या प्रतिष्ठितांचीच आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात हे नाटक बहुधा ‘पहिल्या प्याल्यापासून सावध’ या तात्पर्यापाशी थांबते. वर्गात बसलेल्यांपैकी एखाद्याच्या घरात सुधाकर असतो, एखादीच्या घरात सिंधू असते; आणि त्यांच्यासाठी पहिल्या प्याल्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. त्यांना या तात्पर्यातून अपराधगंडापलीकडे काही लाभत नाही. पुन्हा उचललेल्या प्याल्याच्या बाजूने नाटक वाचले, तर ते विद्यार्थ्यापुढे वेगळा प्रश्न ठेवते : सुधाकर दारू सोडून दारात उभा राहिला, तेव्हा दार कोणी लावून घेतले? गडकरी यांनी या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. पण तो विचारण्याइतका पुरावा त्यांनी आपल्या पाच अंकांत निश्चित ठेवला आहे.