रमाबाईंची दोन पुस्तकं आणि माझा 300 शब्दांचा अर्ज

अर्जातला प्रश्न सरळ होता. तुमच्या भागात मुलींच्या शिक्षणाच्या आड काय येतं, आणि तुम्ही त्यातून वाट कशी काढली? शब्दमर्यादा 300. भाषा इंग्रजी. तरुणांनी शांततेसाठी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करावं म्हणून दिली जाणारी एक आंतरराष्ट्रीय फेलोशिप होती ती. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यात नोकरी, दिवसभर कोड, रात्री अर्ज.

मी लिहिलं, की मी बदनापूर नावाच्या दुष्काळी गावातून येते, तिथे मुलींची लग्नं लवकर होतात, आणि माझ्या घरच्यांचा माझ्या इंजिनिअरिंगला विरोध होता. पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसऱ्यात मी थोडी लबाडी केली. विरोध माझ्या एका आत्याच्या सासरकडून होता, भावकीतल्या दोघातिघांचा होता. अण्णांचा नव्हता. अण्णांनी दोन वर्षं मला मोटरसायकलवर जालन्याच्या क्लासला सोडलं आणि आणलं. पण 300 शब्दांत आत्याचं सासर कुठे बसवणार? 'घरचे' हा एकच शब्द स्वस्त पडला.

फेलोशिप मिळाली. त्यांच्या पानावर माझा फोटो आणि माझी 'कहाणी' आली. चुलतभावाने ती मोबाइलवर मराठीत करून घेतली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. अण्णांनी वाचली. दिवाळीला घरी गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "मी कव्हा नको म्हणलो गं तुला?"

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्याच सुट्टीनंतर मी पंडिता रमाबाईंची दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली. एक 1887 चं इंग्रजी, 'द हाय कास्ट हिंदू वुमन', फिलाडेल्फियात छापलेलं. दुसरं 1889 चं मराठी, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातलं. रमाबाई आपल्याला शाळेत एका परिच्छेदात भेटतात: संस्कृत येत होतं, विधवांसाठी काम केलं, धर्म बदलला. त्या परिच्छेदातून हे कळत नाही, की परदेशी लोकांपुढे आपल्या बायकांची बाजू मांडायची तर कशी, हा प्रश्न या बाईंनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता. आणि तोही तिशीच्या आत. जन्म 1858 चा. इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, माझ्याहून जेमतेम एका वर्षाने मोठ्या.

आधी इंग्रजी पुस्तक. रमाबाई 1886 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. 11 मार्च 1886 ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेल्याही. त्याच वर्षी हे पुस्तक आलं. त्याला प्रस्तावना आहे ती आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. पुस्तकाची रचना बघा. आधी प्रास्ताविक, मग बालपण, लग्नानंतरचं आयुष्य, धर्मात आणि समाजात बाईची जागा, वैधव्य, या स्थितीचा समाजावर होणारा परिणाम, आणि शेवटचं प्रकरण 'आवाहन'. म्हणजे पैसे मागण्याचं. मी दिवसभर जी कागदपत्रं वाचते त्यांची सवय असल्यामुळे असेल, पण मला हे पुस्तक एखाद्या चांगल्या प्रोजेक्टच्या मांडणीसारखं वाटलं. अडचण काय, ती कुठून आली, तिचं मूळ कोणत्या नियमात आहे, आता काय हवंय. रमाबाई आधार मनुस्मृतीचा घेतात, आणि शास्त्र स्वतः वाचलेल्या बाईच्या हातात ते आहे हे जाणवत राहतं. स्वतःच्या दुःखाचं भांडवल जवळजवळ नाही. त्यांचं आयुष्य आहे, पण ते मुख्यतः बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेत. आईबाप दुष्काळात गेले, पायी देश पालथा घातला, नवरा दोन वर्षांत वारला, मुलगी पदरात. एवढा ऐवज हाताशी असताना मुख्य मजकुरात तो न वापरण्याला मी तरी मोठा संयम म्हणेन.

एक अपवाद आहे, आणि त्या जागी मी थांबले.

लहानपणीच्या लग्नांबद्दल लिहिताना रमाबाई एक हकिगत देतात. एक माणूस बायको आणि दोन मुलींना घेऊन तीर्थयात्रेला निघालेला. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सात. गोदावरीत आंघोळ करताना त्याला एक देखणा परका माणूस भेटतो. विचारपूस होते, जात-कूळ जुळतं, आणि दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांची मुलगी त्या माणसाला देऊन टाकली जाते. तो तिला शेकडो मैल दूर घेऊन जातो. आणि मग रमाबाई सांगतात, की नशिबाने ती मुलगी चांगल्या हातात पडली, तिला फार मायेने वागवलं गेलं.

ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई, आणि तो परका माणूस म्हणजे वडील अनंतशास्त्री डोंगरे. चव्वेचाळीस वर्षांचे. हे आपलेच आईवडील आहेत असं रमाबाई तिथे म्हणत नाहीत. याच अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष घेतला, आणि त्या आईने रमाबाईंना शिकवलं. पुस्तक अर्पण केलंय तेही आईलाच.

आता विचार करा. समोर अमेरिकन वाचक आहे. त्याला बालविवाहाची भीषणता पटवायची आहे, तरच पैसे मिळणार. अशा वेळी नवरा चांगला निघाला हे वाक्य गाळणं सोपं होतं. गाळलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. रमाबाईंनी ते ठेवलं. आणि गंमत म्हणजे त्या वाक्यामुळे मुद्दा सैल पडत नाही. मुलगी वाचली ती नशिबाने, व्यवस्थेने नव्हे. बाप चांगला असणं आणि नियम वाईट असणं या दोन गोष्टी एका परिच्छेदात राहू शकतात. माझ्या 300 शब्दांत नेमकं हेच एक वाक्य नव्हतं, आणि शब्दमर्यादा हे त्याचं कारण नव्हतं हे मला आता कळतं. मला वाटलं होतं, की चांगला बाप दाखवला तर माझी अडचण छोटी दिसेल.

या पुस्तकावर माझा आक्षेप आहे तो त्याच्या नावातच आहे. 'हाय कास्ट'. रमाबाई प्रामाणिक आहेत, ज्यांच्याबद्दल लिहितायत त्यांचंच नाव देतात. पण कापूस वेचणारी, तुरीला पाणी देणारी, पाटाची रीत असलेल्या जातीतली बाई या चित्रात कडेलाही नीट येत नाही. आमच्या बाजूचा वाचक लगेच विचारेल, आमच्या आज्या कुठे आहेत? आणि उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. जालन्याला लागून बुलढाणा जिल्हा आहे. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात आणि बुलढाणा इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात, पण अंतर तेवढंच. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' छापलं. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं. ताराबाई मराठा घरातल्या, वडील सत्यशोधक. त्यांच्या पुस्तकात 'आवाहन' नावाचं प्रकरण नाही, कारण त्यांना कुणाकडून काहीच नको होतं. त्या फक्त भांडतात, आणि काय भांडतात! प्रस्तावना लिहायला डीनबाई नव्हत्या, बॉस्टनला समिती नव्हती. जोतीराव फुल्यांनी 1885 च्या 'सत्सार'मध्ये या दोघींची बाजू घेतली, पहिल्या अंकात रमाबाईंची, दुसऱ्यात ताराबाईंची. त्यानंतर ताराबाईंचं पुस्तक विस्मरणात गेलं ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा समोर आणेपर्यंत. म्हणजे परदेशी वाचक नसला की काय होतं तेही या जोडीत दिसतं. मोकळेपणाने लिहिता येतं आणि नव्वद वर्षं कुणी वाचत नाही.

रमाबाईंना वाचक मिळाले, पैसेही मिळाले. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. मार्च 1888 मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे भारताकडून रमाबाई होत्या. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. आणि किंमतही ठरलेलीच होती: ही बाई परक्यांपुढे घरची धुणी धुते. 1895 च्या सुमारास ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलमधल्या बायका आणि स्वामी विवेकानंद यांच्यात हिंदू विधवांच्या स्थितीवरून वर्तमानपत्री वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. आपल्या घरातलं दुःख बाहेर कुणी सांगायचं, किती सांगायचं. 1893 मध्ये पुण्यात सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातोय असा गवगवा झाला, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यात 'केसरी'ची भाषा काय होती ते सगळ्यांना माहीत आहे. पालकांची भीती निव्वळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. परदेशी पैसा येतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची अपेक्षाही येते, आणि ती माझ्या अर्जातसुद्धा आली होती.

म्हणून मराठी पुस्तक महत्त्वाचं. मला ते इंग्रजीपेक्षा जास्त आवडलं, जरी ते जास्त विस्कळीत आहे. अमेरिकेची राज्यपद्धती, घरं, शिक्षण, धर्मपंथ, धर्मादाय संस्था, बायकांची स्थिती असं सगळं त्यात आहे. संस्थांच्या याद्या लागतात तिथे मी सरळ अंगठ्याने पानं सरकवली. कौतुकही जागोजाग जास्त झालंय. फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदीवाल्या संघटनेबद्दल लिहिताना रमाबाईंना चूक दिसेनाशी होते. पण हे कौतुक आंधळं नाही. मूळच्या रहिवाशांचं काय केलं, काळ्या लोकांना कसं वागवतात, कर भरणाऱ्या बाईला मत का नाही, हे त्या मराठी वाचकाला सांगतात. अमेरिकेतल्या बायकांनाही कॉलेजची दारं आपोआप उघडली नव्हती, भांडून उघडावी लागली, हे त्या सविस्तर लिहितात. ते आपल्यासाठी लिहिलेलं आहे. तिकडे जमलं ते जन्मजात गुणामुळे नाही, तर अमक्या साली अमक्या बाईने शाळा काढली म्हणून, एवढं कळलं की इकडेही साल आणि बाई शोधता येते.

इंग्रजीत त्यांनी आपली व्यवस्था अमेरिकेपुढे तपासायला ठेवली, आणि मराठीत अमेरिकेची व्यवस्था आपल्यापुढे. दोन्हीकडे चष्मा एकच. आपण आज हे अर्धंच करतो. माझ्या फेलोशिपमध्ये आम्ही वेगवेगळ्या देशांतले वीस-बावीसजण होतो. प्रत्येकाने आपल्या गावाचं दुःख सांगायचं होतं. ज्या देशाचे पैसे होते त्या देशातल्या दुःखाबद्दल कुणी काही विचारायचं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांचा 2015 चा 2250 क्रमांकाचा ठराव म्हणतो, की शांततेच्या निर्णयांत तरुणांना वाटा हवा. आम्हाला तो तोंडपाठ होता. पण मी जालन्याची आहे. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे दोन ग्रुप झाले, एक मराठा मुलांचा, एक ओबीसी मुलांचा. एका बाकावर बसलेल्या मुली एकमेकींचे स्टेटस बघेनाशा झाल्या. तरुण आणि शांतता याबद्दल मला काही सांगता आलं असतं तर ते हे. ते मी लिहिलं नाही. आरक्षण म्हणजे काय, कुणबी नोंद म्हणजे काय, हे समजावण्यातच 300 शब्द संपले असते, आणि 'शिकू न दिलेली मुलगी' त्यांना आधीच समजलेली होती.

ती मुलगी खोटी आहे असं मात्र नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या जवळपास 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि आमच्या शेजारच्या परभणीत हा आकडा 48 टक्के होता. माझ्या वर्गातल्या तिघी दहावीनंतर दिसल्याच नाहीत. अर्जात त्यांची कहाणी हवी होती. मी त्यांची जागा घेतली.

फेलोशिपवाल्यांना मी मेल केला, की ते 'घरचे' बदला. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असं उत्तर आलं. पान अजून तसंच आहे.

आमच्याकडच्या तुरीच्या वाणांची नावं बीडीएन 711, बीडीएन 716 अशी असतात. बीडीएन म्हणजे बदनापूर, इथल्या संशोधन केंद्रात ते वाण तयार झाले. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले शेतकरी बीडीएन मागतात आणि गाव कुठे आहे त्यांना माहीत नसतं. अण्णा हे फार अभिमानाने सांगतात. तर या उन्हाळ्यात मी त्यांना रमाबाईंचं मराठी पुस्तक दिलं, साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1996 मध्ये पुन्हा छापलेलं. गोदावरीची गोष्ट या पुस्तकात नाही, ती इंग्रजीत आहे, म्हणून ती मी तोंडी सांगितली. ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पोरगी नऊ वर्षांची होती म्हणतेस?" मी हो म्हणाले.

सध्या ते राज्यपद्धतीच्या प्रकरणात आहेत. खताच्या पावतीची खूण घालून ठेवलीय. पावसाने उघडीप दिली की पुस्तक बाजूला राहतं.