बिंदूखालचा मजकूर

आमच्या उर्दू शाळेतील मुलांना घेऊन मी सेवाग्रामला जाते. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी उठावात काढलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. मुले तिथे आपोआप थांबतात. कुणी 'म्हणजे काय?' विचारत नाही. पण आश्रमातला साप पकडण्याचा लाकडी चिमटा पाहिला की लगेच, "बाजी, ये क्या है?" वस्तूचा उपयोग सांगावा लागतो. चित्राचेही तसेच आहे का?

एका शहरातील प्रदर्शनात मी चित्राएवढाच मोठा कागद चित्राशेजारी लावलेला पाहिला. सगळा मजकूर इंग्रजीत. 1942 साली वर्ध्यात हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली ती नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्या लोकांनी शिकाव्यात म्हणून. इथे एकही नव्हती! मी बी.एड. झालेली बाई, दोनदा वाचूनही अर्थ लागला नाही. त्या नादात चित्र पाहायचे राहिले आणि आपणच अडाणी, असे वाटून बाहेर पडले. असला खुलासा प्रेक्षकासाठी नसतो.

तरीही 'चित्राला शब्द नकोतच' हे मला पटत नाही. मशिदीतल्या भिंतीवरच्या अरबी खताचा अर्थ आपल्यापैकी कितीजणांना कळतो? नजर मात्र ठरते. पुढे कुणी अर्थ सांगितला तर तेच खत आपण पुन्हा निरखून पाहतो. आधी नजर, मग तर्जुमा.

सय्यद हैदर रझा (1922–2016) मंडला जिल्ह्यातले, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. त्यांच्या 'बिंदू'वर शून्य, ब्रह्म, तंत्र असे पुष्कळ लिहिले गेले. ते चूक म्हणणार नाही, पण त्यातले बरेचसे माझ्या डोक्यावरून गेले. रझांनी स्वतः सांगितलेली आठवण साधी आहे. ककैयाच्या प्राथमिक शाळेत त्यांचे मन लागत नसे. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले.

मी वर्गात 'बिंदू'ची छापील प्रत लावली आणि गप्प राहिले. कुणी विहीर म्हणाले, कुणी तवा. नंतर गुरुजींची हकीकत सांगितली. मागच्या बाकावरच्या, कधीच स्थिर न बसणाऱ्या मुलाने विचारले, "बाजी, कितनी देर देखना पड़ता था?"

मला ते ठाऊक नव्हते. तो मात्र पाहू लागला होता.